तीन आवाज, एक स्विच आणि बाबांच्या डब्यातील डायोड

वेंगुर्ल्याच्या बाजारात बाबांचे रेडिओ दुरुस्तीचे छोटे दुकान होते. दुकान बंद होऊन बरीच वर्षे झाली, तरी सुट्या भागांचा त्यांचा पत्र्याचा डबा अजून माझ्या टेबलाखाली आहे. त्यात एका औषधाच्या बाटलीत काचेच्या अंगाचे जर्मेनियम डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारे सुटे भाग, जपून ठेवलेले होते. बहुतेक ओए७९, जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या डिटेक्टर भागातून काढलेले. पणजी किंवा रत्नागिरी केंद्राच्या लहरीवर बसून आलेला आवाज लहरीपासून वेगळा करणे एवढेच त्यांचे काम होते. गेल्या वर्षी गिटारसाठी घरीच बनवलेल्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये, म्हणजे तारांचा आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या पेटीत, डायोड बदलण्याचा स्विच बसवायचे मी ठरवले, तेव्हा पहिली आठवण या बाटलीची झाली. काम एका संध्याकाळचे आहे अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात त्याला अख्खा पावसाळा लागला, आणि त्यातील बहुतेक वेळ डायोडमुळे नव्हे, तर डायोडच्या आजूबाजूला जे होते त्यामुळे गेला.

आधी मूळ पेडलविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील एमएक्सआर कंपनीने काढलेल्या डिस्टॉर्शन प्लस या पेडलची रचना इतकी साधी आहे की घरी पेडल बनवणारे अनेक जण तिथूनच सुरुवात करतात, आणि मीही तेच केले. ७४१ या क्रमांकाचा ऑप-अँप (एक छोटी चिप) गिटारचा सिग्नल वाढवतो. तो वाढलेला सिग्नल एका कपॅसिटरमधून (तो स्थिर व्होल्टेज अडवून फक्त लाट पुढे सोडतो) आणि १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून (तो प्रवाह रोखून धरतो) पुढे येतो. आणि तिथे एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेले दोन डायोड त्याला अर्थकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेकडे, ओढतात. डायोडचे व्होल्टेज ओलांडू पाहणारा लाटेचा शेंडा तिथेच छाटला जातो आणि या छाटणीलाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. डायोडनंतर व्हॉल्यूमचा पॉट (फिरवून कमीजास्त करता येणारा रेझिस्टर) आणि त्यानंतर बाहेर जाणारा जॅक, की संपले. एमएक्सआरच्या पेडलमध्ये हे दोन डायोड जर्मेनियमचे होते, तर डीओडी कंपनीच्या २५० या जवळजवळ तशाच पेडलमध्ये सिलिकॉनचे. म्हणजे एकाच नकाशावर दोन कंपन्यांनी दोन वेगळे आवाज उभे केले आणि फरक प्रामुख्याने दोन डायोडांचा होता. स्विच बसवण्याचा मोह होतो तो यामुळेच.

माझ्या पेडलमध्ये ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये (बाहेर आलेला सिग्नल परत आत नेणाऱ्या वाटेत) १ मेगाओहमचा रेझिस्टर आहे आणि गेन, म्हणजे सिग्नल किती पट करायचा ते प्रमाण, पूर्ण वाढवल्यावर दुसऱ्या बाजूला ४.७ किलोओहम उरतात, म्हणजे सिग्नल सुमारे २१३ पट होतो. त्याच जागी ४७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर असल्यामुळे सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचे सूर तुलनेने कमी वाढतात. जाड तारांचा चिखल होत नाही तो या कपॅसिटरच्या कृपेने. गिटारच्या पिकअपमधून १०० मिलिव्होल्ट आले, तरी २१३ पटीने ते २१ व्होल्ट व्हायला हवेत. पण ९ व्होल्टच्या बॅटरीवर ७४१ मधल्या बिंदूपासून जेमतेम ३.५ व्होल्ट वर आणि तेवढेच खाली जाऊ शकतो. म्हणून गेन पूर्ण असताना लाट डायोडपर्यंत पोहोचण्याआधीच ऑप-अँपमध्ये एकदा छाटली गेलेली असते. शिवाय ७४१ची गेन आणि बँडविड्थ (तो किती उंच सुरांपर्यंत पोहोचतो ती मर्यादा) यांचा गुणाकार सुमारे १ मेगाहर्ट्झ असल्याने २१३ पट गेनवर त्याची झेप ४.७ किलोहर्ट्झच्या आसपास संपते. त्याच्या जागी टीएल०७१ बसवला की आवाज उजळतो, आणि पुष्कळ जण ते श्रेय नव्या डायोडांना देऊन मोकळे होतात.

आता डायोडांकडे वळतो. मल्टिमीटरच्या डायोड तपासणीत बाबांच्या बाटलीतील डायोड ०.२५ ते ०.३५ व्होल्ट दाखवत होते. १एन४१४८ हा सर्वत्र मिळणारा सिलिकॉन डायोड ०.६ व्होल्टच्या पुढे, आणि लाल एलईडी १.७ व्होल्टच्या आसपास. हे आकडे प्रत्यक्ष पेडलमध्ये तंतोतंत लागू पडत नाहीत, कारण मीटर बहुधा १ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह सोडून मोजतो, तर पेडलमध्ये १० किलोओहमच्या मागून येणारा प्रवाह पाव मिलिअँपिअरच्या आसपास असतो. तिथे सिलिकॉन ०.५५ व्होल्टवर आणि लाल एलईडी १.६ व्होल्टवर लाट अडवतो असे धरून चालायला हरकत नाही. याखेरीज अडवण्याची पद्धतही वेगळी असते. सिलिकॉनवर लाट बंदराच्या धक्क्यावर आपटल्यासारखी थांबते. जर्मेनियमवर ती पुळणीवर चढल्यासारखी हळूहळू बळ हरवत जाते, कारण हा डायोड थोडा आधीपासूनच झिरपू लागतो आणि त्याचा स्वतःचा अंतर्गत रेझिस्टन्सही जास्त असतो.

बाटलीतील प्रत्येक डायोड तपासून घेण्याचे कारण असे, की जुन्या जर्मेनियम डायोडांचे आकडे एकमेकांशी क्वचितच जुळतात. अठरांपैकी दोन मेलेले निघाले आणि उरलेल्यांतून जवळजवळ सारखे आकडे देणारे दोन निवडले. डाग देताना त्यांच्या पायाला मगरक्लिप लावून ठेवली, म्हणजे सोल्डरिंग आयर्नची उष्णता क्लिप शोषून घेते. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही आणि या डायोडांचे पाय काचेच्या अगदी जवळ वाकवले तर काच तडकते. बाबा हे डायोड वाकवताना पायाला चिमट्याने धरून मगच वाकवत असत. लहानपणी ती मला त्यांची उगाचची हळुवार सवय वाटत असे.

स्विचचा विचार करताना सर्वांत सरळ उपाय म्हणजे मध्ये बंद स्थिती असलेला साधा टॉगल: वर जर्मेनियम, खाली सिलिकॉन आणि मध्ये काहीच नाही. मधला पाय सिग्नलच्या बिंदूला, कडेचे दोन पाय एकेका जोडीला आणि दोन्ही जोड्यांची दुसरी टोके अर्थला. हा बिंदू कपॅसिटरनंतर येतो आणि व्हॉल्यूमच्या पॉटमधून अर्थला जोडलेला असतो, त्यामुळे तिथे स्थिर व्होल्टेज नसते आणि स्विच फिरवताना त्यामुळे होणारा ठोका येत नाही. पहिल्या दिवशी मी हेच केले. अडचण मधल्या स्थितीत आली. तिथे डायोड नसल्याने ऑप-अँपचा पूर्ण सिग्नल तसाच बाहेर येतो, आणि जर्मेनियमवरून सिलिकॉनवर जाताना स्विचला मधल्या स्थितीतून जावेच लागते. त्या क्षणी आवाज इतका मोठा झाला, की माजघरातून आईचा प्रश्न आला, “ह्यो आवाज कसलो रे? रेडिओ फुटलो काय?”

यावर मला सापडलेला उपाय मी कुणालाही सुचवीन. लाल एलईडींची जोडी स्विचवर न घेता कायमची सर्किटमध्ये जोडून टाकावी आणि स्विच फक्त उरलेल्या दोन जोड्यांसाठी ठेवावा. एलईडी १.६ व्होल्टवर छत धरून उभे राहतात. स्विच वर किंवा खाली केला की त्याहून कमी व्होल्टेजचे डायोड आधी वाहू लागतात आणि लाट एलईडींपर्यंत पोहोचतच नाही, त्यामुळे ते असून नसल्यासारखे होतात. स्विच मध्ये ठेवला की एलईडींचा आवाज मिळतो. एका तीन पायांच्या स्विचवर तीन आवाज, आणि मधून जाताना सिग्नल बेलगाम होत नाही. डायोडविरहित स्थिती यात गमवावी लागते हे खरे. परंतु त्या स्थितीत ऐकू येते ती ऑप-अँपची स्वतःची छाटणी, आणि ७४१ची छाटणी मला कधीच ऐकावीशी वाटलेली नाही.

कागदावर हे चोख होते. प्रत्यक्षात जर्मेनियम आणि सिलिकॉन यांनी अपेक्षेप्रमाणे काम केले, पण मधल्या स्थितीत एलईडी काहीच करत नव्हते. ते काढून टाकले तरी आवाजात फरक पडत नव्हता. एलईडी उलटे लागले असावेत म्हणून तपासले. पण दोन एलईडी एकमेकांच्या उलट जोडलेले असताना उलटे लागणार तरी कसे? मग जोड तुटला असावा म्हणून पुन्हा डाग दिले. मग एलईडी बदलले. दोन रात्री गेल्यावर वहीत नकाशा पुन्हा काढला तेव्हा चूक समोरच दिसली. माझ्या पेडलमध्ये व्हॉल्यूमचा पॉटही १० किलोओहमचा होता. मागे १० किलोओहमचा रेझिस्टर आणि पुढे अर्थपर्यंत १० किलोओहमचा पॉट, म्हणजे त्या बिंदूवर सिग्नल सरळ अर्धा होतो. ऑप-अँपचे ३.५ व्होल्ट तिथे पोहोचेपर्यंत १.७५ उरतात आणि एलईडीला वाहण्यासाठी १.६ लागतात. लाट छताला डोके टेकवून परत जात होती. छाटायला काही उरलेच नव्हते. सिलिकॉन आणि जर्मेनियमला याचा उपद्रव झाला नाही, कारण त्यांची पातळी १.७५च्या पुष्कळ खाली आहे. म्हणूनच मूळ पेडल कित्येक महिने बिनतक्रार चालले होते.

पॉट १०० किलोओहमचा लावला की तोच आकडा ३.२ व्होल्टच्या जवळ जातो आणि एलईडींना भरपूर काम मिळते. वेंगुर्ल्यात लॉगरिथमिक प्रकारचा आणि जाड दांड्याचा १०० किलोओहमचा पॉट मिळाला नाही. मुंबईत शिकणाऱ्या भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, “मामा, लॅमिंग्टन रोडला जाईनच, पण सगळी यादी एकदाच दे.” दर दोन दिवसांनी माझी एकेक वस्तूची मागणी येते हा त्याचा अनुभव आहे. चतुर्थीच्या आधी तुतारी एक्स्प्रेसने तो कुडाळला उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत चार पॉट आणि माझी उरलेली यादी होती.

पॉट बदलल्यावर तीनही आवाज वेगळे झाले, आणि आता नवा प्रश्न उभा राहिला तो आवाजाच्या पातळीचा. जर्मेनियमची लाट पाव व्होल्टच्या आसपास, सिलिकॉनची ०.५५ आणि एलईडीची १.६. डेसिबलमध्ये मांडले तर जर्मेनियम आणि एलईडी यांच्यात १६ डेसिबलचे अंतर पडते. अशा स्थितीत स्विच फिरवून कोणता डायोड गोड वाटतो हे ठरवणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. भाच्याने स्विच दोन वेळा खालीवर करून निर्णय दिला की एलईडीच सर्वांत भारी आणि जर्मेनियम मेलेला आहे. मग मी प्रत्येक वेळी व्हॉल्यूम जुळवून, डोळे मिटायला लावून, तोच तुकडा त्याला पुन्हा ऐकवला. त्याने तीनपैकी दोन वेळा जर्मेनियम निवडला. (तिसऱ्या वेळी त्याने निवडलेला आवाजही जर्मेनियमचाच असल्याचे त्याचे म्हणणे आहे आणि मी स्विच चुकीच्या बाजूला केल्याचा त्याचा आरोप अद्याप मिटलेला नाही.)

पातळी जुळवण्यासाठी आणखी एक ट्रान्झिस्टर घालून जर्मेनियमचा आवाज वाढवता येतो. पण त्याहून सोपी आणि माझ्या मते अधिक सुंदर युक्ती अशी, की फक्त जर्मेनियमच्या जोडीच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. छाटणीच्या वेळी तिथून सुमारे ०.३ मिलिअँपिअर वाहतो, म्हणजे रेझिस्टरवर ०.३ व्होल्ट पडतात. डायोडचे पाव व्होल्ट त्यात मिळवले की लाटेची उंची ०.५५ होते, नेमकी सिलिकॉनइतकी. शिवाय रेझिस्टरमुळे शेंडा सपाट कापला जात नाही. डायोड वाहू लागल्यानंतरही लाट थोडी थोडी चढत राहते, म्हणून जर्मेनियमचा मुळातला मऊपणा वाढतो आणि जोरात छेडलेल्या तारेला थोडी जागा मिळते. मी ४७० ओहम, १ किलोओहम आणि २.२ किलोओहम असे तीन रेझिस्टर पालटून पाहिले. २.२ किलोओहमला आवाज इतका सभ्य झाला की डिस्टॉर्शन लावल्याचा उद्देशच उरला नाही. सिलिकॉनच्या वाटेत मी मुद्दामच काही घातले नाही, कारण त्याचा करकरीतपणा मला हवा आहे. आता वर आणि खाली सारख्याच उंचीचे, पण वेगळ्या पोताचे दोन आवाज आहेत आणि मध्ये एलईडीचा साधारण ९ डेसिबल मोठा, मोकळा आवाज आहे. एकट्या गिटारने पुढे यायचे असेल तेव्हा तो आपोआप उपयोगी पडतो.

एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक डायोड लावून विषम छाटणी करून पाहा, असा सल्ला जागोजागी मिळतो. बॉसच्या एसडी-१ मध्ये तशी रचना आहे आणि विषम छाटणीमुळे सम क्रमांकाचे हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट असे वरचे सूर) मिसळतात हेही खरे. पण तिथे डायोड ऑप-अँपच्या फीडबॅकमध्ये असतात. माझ्या पेडलमध्ये डायोडांच्या आधी कपॅसिटर आहे आणि कपॅसिटरमधून एकाच दिशेने सतत प्रवाह जाऊ शकत नाही. एका बाजूने जास्त वाहू लागले की तो स्वतःवर तेवढा भार साठवून लाट दुसरीकडे सरकवतो आणि विषमता बरीचशी पुसून टाकतो. मी सिलिकॉनच्या बाजूला एक जादा डायोड लावून आठवडाभर वाजवले. आवाज किंचित मोठा झाला, स्वभाव बदलला नाही. तो डायोड पुन्हा डब्यात गेला.

उरले ते खाऱ्या हवेचे काम. आमचे घर समुद्रापासून जवळ आहे आणि इथे लोखंडाला गंज लागायला पाऊसही लागत नाही. पेडलसाठी मी ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा वापरला. तो भोके पाडायला सोपा पडतो आणि सिग्नलला घरातील विजेच्या गुणगुणीपासून झाकतो. श्रावणात एकाएकी गुणगुण वाढली तेव्हा जॅकच्या नटाभोवती पांढरी भुकटी दिसली. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारट ओल, त्यामुळे ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन डब्याचा अर्थशी असलेला संबंधच सुटला होता. आता डब्याला आतून अर्थची स्वतंत्र तार स्क्रूने आवळलेली आहे आणि नटाखाली व्हॅसलीनचा थर आहे.

स्विचचा त्रास याहून फसवा होता. जर्मेनियमच्या स्थितीत वाजवता वाजवता आवाज मध्येच मोठा होई आणि स्विचवर टिचकी मारली की पूर्ववत होई. दोष डायोडात असावा अशी माझी खात्री झाली होती, कारण म्हातारे तेच होते. वास्तविक स्विचच्या आतील संपर्कावर पुट चढले होते. संपर्क क्षणभर तुटला की जर्मेनियमची वाट बंद होऊन एलईडीचा आवाज येत होता. दिव्याच्या किंवा पंख्याच्या स्विचमध्ये प्रवाह मोठा असल्याने असे पातळ पुट जळून जाते. इथे पाव मिलिअँपिअर वाहतो आणि तेवढ्याने पुटाला काहीच होत नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरने पंधरा दिवस निभावले, मग सोन्याचा मुलामा असलेल्या संपर्काचा स्विच मागवला. तो साध्या स्विचच्या कितीतरी पट महाग पडला आणि दोन चतुर्थ्यांचा मोदकांचा खर्च त्यात गेला असे घरी ऐकावे लागले. झिरो पीसीबीवर (ज्या भोकांच्या पाटीवर सर्किट जोडले आहे तिच्यावर) राहिलेला सोल्डरिंगचा फ्लक्सही आयसोप्रॉपिल अल्कोहोलने घासून काढला, कारण दमट हवेत तो ओल धरतो आणि १ मेगाओहमसारख्या मोठ्या रेझिस्टरला बाजूने चोरवाट तयार होते.

भाद्रपदात वाडीतील मुलांबरोबर वाजवताना हे पेडल तीन संध्याकाळी वापरले. बहुतेक वेळ स्विच वर, म्हणजे जर्मेनियमवरच राहिला; हार्मोनियमच्या शेजारी तोच आवाज शोभतो, सिलिकॉन तिच्या अंगावर जातो. तिसऱ्या संध्याकाळी मध्येच वीज गेली. अँप्लिफायर मुका झाला, पण पेडल बॅटरीवर चालू होते आणि नवा पॉट नीट बसला आहे का हे पाहण्यासाठी मी दुपारी काढलेले झाकण परत लावायचे राहून गेले होते. स्विच मध्ये करून सवयीने तार छेडली, तेव्हा अंधारात डब्याच्या तळाशी ते दोन लाल एलईडी मंद उजळले आणि तारेचा आवाज विरत गेला तसे विझत गेले. वीज येईपर्यंत मुले आळीपाळीने तारा छेडून तेच पाहत बसली.